समीकरणाची उकल

बीजगणितात, समीकरणातील अज्ञात संख्येची किंमत क्रमाक्रमाने शोधून काढण्याच्या प्रक्रियेस समीकरणाची उकल करणे किंवा समीकरण सोडवणे असे म्हणतात. दिलेल्या समीकरणापासून सुरुवात करून प्रत्येक पायरीला अधिक सोपे समीकरण मिळवत जाणे आणि अखेरीस अज्ञात संख्या एकटी एका बाजूस आणणे, असे या प्रक्रियेचे सर्वसाधारण स्वरूप असते.

उकलीतील प्रत्येक पायरी हे एक तर्कविधान असते. आधीची ओळ खरी असेल तर पुढची ओळही खरी असलीच पाहिजे, असे ते विधान सांगते. मात्र बहुतेक वेळा एवढे पुरत नाही. पुढच्या ओळीवरून आधीच्या ओळीकडे परत येता येते की नाही, हेही पाहावे लागते. काही क्रियांमुळे समीकरणाची एखादी उकल नाहीशी होते, तर काही क्रियांमुळे मुळात नसलेली उकल आत शिरते. त्यामुळे कोणती क्रिया कोणत्या अटीवर करता येते आणि उत्तराचा ताळा केव्हा अनिवार्य ठरतो, हे जाणणे हा समीकरण सोडवण्याच्या अभ्यासाचा गाभा आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या 'गणित भाग १' या पाठ्यपुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे ही प्रकरणे आहेत. सध्याच्या पाठ्यपुस्तकांत चलांसाठी रोमन अक्षरे वापरली जातात. या लेखात जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष आणि य ही अक्षरे योजली आहेत.

संज्ञा

चल : ज्या अक्षराची किंमत ठरलेली नसते किंवा शोधायची असते ते अक्षर.

सहगुणक : चलाला गुणणारी संख्या. ५क्ष या पदात ५ हा क्ष चा सहगुणक आहे.

स्थिरपद : ज्या पदात चल नाही असे पद.

समीकरण : दोन राशी समान आहेत असे सांगणारे, चलयुक्त विधान. चलाच्या काही किमतींसाठी ते खरे असते, इतर किमतींसाठी खोटे. २क्ष + ३ = ११ हे विधान केवळ क्ष = ४ असतानाच खरे आहे.

नित्य समानता : चलाच्या प्रत्येक किमतीसाठी खरे असणारे विधान, उदाहरणार्थ (क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १. अशा विधानात शोधण्यासारखी विशिष्ट किंमत नसते.

उकल किंवा मूळ : समीकरणात ठेवली असता दोन्ही बाजू समान करणारी चलाची किंमत.

सममूल्य समीकरणे : ज्यांच्या सर्व उकली तंतोतंत सारख्या असतात अशी समीकरणे. प्रत्येक पायरीला सममूल्य समीकरण मिळत गेले, तर शेवटच्या ओळीतील उत्तर हेच दिलेल्या समीकरणाचे उत्तर असते.

पायऱ्यांचा आधार

समीकरणाची तुलना तराजूशी केली जाते. दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकले किंवा दोन्हींतून सारखे वजन काढले, तर तराजू समतोल राहतो. त्याचप्रमाणे समीकरणावर पुढील क्रिया केल्यास सममूल्य समीकरण मिळते :

१. दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवणे.
२. दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा करणे.
३. दोन्ही बाजूंना शून्येतर समान संख्येने गुणणे.
४. दोन्ही बाजूंना शून्येतर समान संख्येने भागणे.
५. कोणत्याही एका बाजूच्या राशीला संक्षिप्त किंवा विस्तारित रूप देणे.

'पद दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलते' हा विद्यार्थ्यांना परिचित असलेला नियम या क्रियांहून वेगळा नाही. क्ष + ७ = १२ या समीकरणात ७ उजवीकडे जाऊन उणे होतो असे म्हटले जाते; प्रत्यक्षात दोन्ही बाजूंतून ७ वजा केले जातात. हे कारण विसरून केवळ नियम पाठ केला, तर ३क्ष = १२ मधील ३ हा अंकही उणे करून उजवीकडे नेला जातो आणि क्ष = ९ असे चुकीचे उत्तर येते. येथे ३ हा क्ष मध्ये मिळवलेला नसून त्याने क्ष ला गुणले आहे. म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागावे लागते आणि क्ष = ४ हे उत्तर मिळते.

एका चलातील रेषीय समीकरण

ज्या समीकरणात चलाचा घातांक १ असतो त्यास रेषीय समीकरण म्हणतात. अपूर्णांक असलेले पुढील समीकरण पाहू.

(२क्ष − १)/३ − (क्ष − ३)/४ = ५/२

पायरी १ : छेदांचा लसावि काढणे. ३, ४ व २ यांचा लसावि १२ आहे.

पायरी २ : प्रत्येक पदाला १२ ने गुणणे.
४(२क्ष − १) − ३(क्ष − ३) = ३०

पायरी ३ : कंस सोडवणे.
८क्ष − ४ − ३क्ष + ९ = ३०

पायरी ४ : सजातीय पदे एकत्र करणे.
५क्ष + ५ = ३०

पायरी ५ : दोन्ही बाजूंतून ५ वजा करणे.
५क्ष = २५

पायरी ६ : दोन्ही बाजूंना ५ ने भागणे.
क्ष = ५

ताळा : क्ष = ५ ठेवल्यास डावी बाजू = ९/३ − २/४ = ३ − १/२ = ५/२. ही उजव्या बाजूइतकीच आहे.

या उदाहरणात सर्वाधिक चुका तिसऱ्या पायरीत होतात. कंसापूर्वीचे उणे चिन्ह कंसातील प्रत्येक पदाला लागू होते; म्हणून −३ × (−३) = +९ येते. येथे −९ लिहिल्यास ५क्ष = ४३ असे समीकरण मिळते आणि उत्तर ४३/५ येते. पुढच्या सर्व पायऱ्या निर्दोष असूनही उत्तर चुकते. केवळ शेवटच्या ओळीकडे पाहून ही चूक कळत नाही, ताळा घेतल्यावर मात्र ती लगेच उघड होते.

दोन चलांतील एकसामयिक समीकरणे

दोन अज्ञात संख्या निश्चित करण्यासाठी सामान्यतः दोन स्वतंत्र समीकरणे लागतात. ती एकाच वेळी खरी ठरवणाऱ्या किमती शोधायच्या असल्याने त्यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात.

उदाहरण : ३ वह्या व २ पेने यांची किंमत ११० रुपये आहे. २ वह्या व ३ पेने यांची किंमत ९० रुपये आहे. एका वहीची व एका पेनाची किंमत काढा.

एका वहीची किंमत क्ष रुपये व एका पेनाची किंमत य रुपये मानू.

३क्ष + २य = ११० ... (१)
२क्ष + ३य = ९० ... (२)

लोप पद्धतीत एका चलाचे सहगुणक समान करून ते चल नाहीसे करतात. समीकरण (१) ला ३ ने आणि समीकरण (२) ला २ ने गुणल्यास

९क्ष + ६य = ३३० ... (३)
४क्ष + ६य = १८० ... (४)

(३) मधून (४) वजा केल्यास ५क्ष = १५०, म्हणून क्ष = ३०. ही किंमत समीकरण (१) मध्ये ठेवल्यास ९० + २य = ११०, म्हणून य = १०.

ताळा : य ची किंमत काढताना समीकरण (१) वापरले असल्याने ताळा विशेषतः समीकरण (२) मध्ये घ्यावा. २ × ३० + ३ × १० = ६० + ३० = ९०. म्हणून वहीची किंमत ३० रुपये व पेनाची किंमत १० रुपये आहे.

एकसामयिक समीकरणांना नेहमीच एकमेव उकल असते असे नाही. क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १२ या जोडीत पहिल्या समीकरणाला २ ने गुणल्यास २क्ष + २य = १० मिळते. एकच राशी १० आणि १२ अशी दोन्ही असू शकत नाही. म्हणून या जोडीला उकल नाही. उजवीकडे १२ ऐवजी १० असते, तर दोन्ही समीकरणे एकच ठरून अनंत उकली मिळाल्या असत्या. सोडवताना '० = २' यासारखी ओळ आली, तर ती विद्यार्थ्याची चूक असेलच असे नाही. पायऱ्या बरोबर असतील, तर उकल नाही हेच त्या ओळीचे सांगणे असते.

वर्गसमीकरण

अक्ष² + बक्ष + क = ० या रूपात लिहिता येणाऱ्या समीकरणास वर्गसमीकरण म्हणतात. येथे अ, ब, क या दिलेल्या वास्तव संख्या असून अ शून्य नसतो. २क्ष² + ५क्ष − १२ = ० हे समीकरण दोन पद्धतींनी पुढीलप्रमाणे सोडवता येते.

अवयव पद्धती

पहिल्या पदाचा सहगुणक व स्थिरपद यांचा गुणाकार २ × (−१२) = −२४ आहे. ज्यांचा गुणाकार −२४ आणि बेरीज ५ आहे अशा संख्या ८ व −३ होत.

२क्ष² + ८क्ष − ३क्ष − १२ = ०
२क्ष(क्ष + ४) − ३(क्ष + ४) = ०
(क्ष + ४)(२क्ष − ३) = ०

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी किमान एक संख्या शून्य असते. म्हणून क्ष + ४ = ० किंवा २क्ष − ३ = ०; अर्थात क्ष = −४ किंवा क्ष = ३/२.

हा युक्तिवाद केवळ शून्यालाच लागू पडतो. (क्ष + ४)(२क्ष − ३) = ६ असे समीकरण असता प्रत्येक कंस ६ इतका मानणे चुकीचे आहे; कारण ६ हा गुणाकार असंख्य प्रकारे मिळू शकतो. अशा वेळी आधी सर्व पदे एका बाजूस आणून दुसरी बाजू शून्य करावी लागते.

पूर्ण वर्ग पद्धती

डाव्या बाजूस एका द्विपदीचा पूर्ण वर्ग तयार करणे, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. अपूर्णांक टाळण्यासाठी समीकरणाला अ च्या चौपटीने गुणण्याची युक्ती श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाते. येथे अ = २, म्हणून ८ ने गुणल्यास

१६क्ष² + ४०क्ष − ९६ = ०
१६क्ष² + ४०क्ष = ९६

दोन्ही बाजूंत ब² म्हणजे २५ मिळवल्यास

१६क्ष² + ४०क्ष + २५ = १२१
(४क्ष + ५)² = १२१
४क्ष + ५ = ११ किंवा ४क्ष + ५ = −११

म्हणून क्ष = ३/२ किंवा क्ष = −४. वर्गमूळ घेताना ऋण पर्याय विसरल्यास दुसरे मूळ हातचे जाते.

सूत्र पद्धती

हीच कृती अ, ब, क ही अक्षरे तशीच ठेवून केल्यास (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळते आणि त्यावरून

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] / २अ

हे सूत्र सिद्ध होते. ब² − ४अक या राशीस विवेचक म्हणतात. विवेचक धन असल्यास दोन भिन्न वास्तव मुळे मिळतात, शून्य असल्यास दोन्ही मुळे समान असतात आणि ऋण असल्यास वास्तव मुळे नसतात. वरील समीकरणाचा विवेचक २५ + ९६ = १२१ आहे.

मुळे हरवणे व खोटी मुळे येणे

शून्याने भागता येत नसल्यामुळे, जिची किंमत शून्य असू शकते अशा राशीने समीकरणाला भागणे धोक्याचे असते. क्ष² = ५क्ष या समीकरणाला क्ष ने भागल्यास क्ष = ५ एवढेच उत्तर मिळते. क्ष = ० हीदेखील उकल आहे, पण भागाकार करताना ती नाहीशी झाली. हरवलेले मूळ ताळ्याने सापडत नाही, कारण जे उत्तर लिहिलेलेच नाही त्याचा ताळा घेता येत नाही. म्हणून येथे क्ष² − ५क्ष = ०, क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडणे हा योग्य मार्ग आहे.

याउलट, दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास खोटे मूळ शिरू शकते. √(क्ष + ७) = क्ष − ५ हे समीकरण घेऊ. दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास

क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
(क्ष − ९)(क्ष − २) = ०

म्हणून क्ष = ९ किंवा क्ष = २. दिलेल्या समीकरणात क्ष = ९ ठेवल्यास दोन्ही बाजू ४ येतात. क्ष = २ ठेवल्यास डावी बाजू ३ आणि उजवी बाजू −३ येते. ३ व −३ यांचे वर्ग समान असले तरी त्या संख्या समान नाहीत. म्हणून २ हे मूळ त्याज्य आहे. वर्ग करण्याची पायरी पुढे नेते, पण त्या पायरीवरून नेहमी मागे येता येत नाही.

छेदात चल असतानाही हीच काळजी घ्यावी लागते. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) या समीकरणाला क्ष − ३ ने गुणल्यास क्ष = ३ मिळते; परंतु त्या किमतीला छेद शून्य होतो. म्हणून या समीकरणाला उकल नाही. ताळा नेहमी दिलेल्या समीकरणात घ्यावा, मधल्या एखाद्या ओळीत नव्हे, या नियमाचे कारण येथे स्पष्ट होते.

शाब्दिक उदाहरणे

शाब्दिक उदाहरणात समीकरण आयते दिलेले नसते. ते शब्दांवरून तयार करावे लागते. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात कोणताही प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे सांगितले : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, योजना अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे. शेवटच्या टप्प्यात उत्तर केवळ समीकरणाशी नव्हे, तर प्रश्नाच्या शब्दांशीही पडताळून पाहावे लागते.

या पडताळणीचे महत्त्व दाखवणारी दोन उदाहरणे भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आहेत. पहिल्यात, वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग एवढी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण वानरे क्ष मानल्यास

(क्ष/८)² + १२ = क्ष
क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०
(क्ष − ४८)(क्ष − १६) = ०

४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६ आणि ३६ + १२ = ४८. १६ चा अष्टमांश २, त्याचा वर्ग ४ आणि ४ + १२ = १६. दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत.

दुसऱ्या उदाहरणात, कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी वानरे गुहेत गेली आणि एक वानर फांदीवर दिसले.

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
क्ष² − ५५क्ष + २५० = ०
(क्ष − ५०)(क्ष − ५) = ०

५० हे उत्तर जुळते. क्ष = ५ ठेवल्यास पंचमांश १ येतो आणि त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात. −२ चा वर्ग ४ असल्याने समीकरणाचे समाधान होते, पण एका वानरातून तीन वानरे वजा करणे या प्रसंगात अर्थहीन आहे. म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर अग्राह्य ठरवले आहे. समीकरणाचे मूळ आणि प्रश्नाचे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या जोडीवरून दिसते.

मांडणी व नेहमीच्या चुका

उकल लिहिताना प्रत्येक ओळीत एक पूर्ण समीकरण असावे, बरोबरीची चिन्हे एकाखाली एक यावीत आणि क्रियेचे कारण आवश्यक तेथे नोंदवावे. अशा मांडणीमुळे चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली हे शोधता येते. नेहमी आढळणाऱ्या काही चुका पुढीलप्रमाणे आहेत :

(क्ष + ३)² चा विस्तार क्ष² + ९ असा करणे. येथे ६क्ष हे मधले पद राहून जाते.

(क्ष + ६)/६ मधील ६ 'काटून' क्ष उरवणे. अंश व छेद यांच्या सामाईक अवयवांनाच भागता येते, बेरजेतील एकट्या पदाला नव्हे.

समीकरणाला गुणताना स्थिरपद किंवा उजवी बाजू गुणायची विसरणे.

बरोबरीचे चिन्ह 'पुढची पायरी' या अर्थाने वापरणे. उदाहरणार्थ, २क्ष = १० = क्ष = ५ असे लिहिल्यास १० आणि ५ समान आहेत असा त्याचा अर्थ होतो. दोन पायऱ्या जोडण्यासाठी 'म्हणून' हा शब्द किंवा ∴ हे चिन्ह वापरावे.

शाब्दिक उदाहरणात क्ष म्हणजे काय, हे न लिहिता थेट समीकरण मांडणे.

इतिहास

ब्रह्मगुप्त यांनी इ.स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांच्यावरील क्रियांचे नियम आणि वर्गसमीकरण सोडवण्याची रीत दिली आहे. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असे त्यांनी मानले होते. आधुनिक गणितात हा भागाकार अर्थहीन मानला जातो.

इ.स. ८२० च्या सुमारास बगदाद येथे अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणांवर अरबी भाषेत ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकातील 'अल-जब्र' या शब्दावरून युरोपीय भाषांतील बीजगणिताची नावे आली आहेत. एका बाजूस वजा असलेले पद दुसऱ्या बाजूस मिळवून भरपाई करणे, असा 'अल-जब्र'चा अर्थ होतो. दोन्ही बाजूंतील सजातीय पदे परस्परांतून वजा करणे म्हणजे 'मुकाबला'. आजही समीकरण सोडवताना याच क्रिया केल्या जातात.

भास्कराचार्य (जन्म शके १०३६, इ.स. १११४) यांचा 'बीजगणित' हा 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाचा भाग आहे. त्यात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' आणि पुढील अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे असून त्यांची आद्याक्षरे चिन्हे म्हणून वापरली आहेत. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू दिला जाई आणि समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक लिहिले जात. वर्गसमीकरणात मधले पद नाहीसे करण्याच्या रीतीस 'मध्यमाहरण' असे नाव होते. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचा पूर्ण वर्गाचा नियम भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे टिकून राहिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे.

बरोबरीचे = हे चिन्ह वेल्समधील रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये प्रथम छापील ग्रंथात वापरले. फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये ज्ञात व अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी अक्षरे योजली. त्यामुळे एकेक उदाहरण वेगळे सोडवण्याऐवजी संपूर्ण प्रकाराचे एकच सूत्र मांडणे शक्य झाले. ज्ञात राशींसाठी वर्णमालेतील आरंभीची व अज्ञात राशींसाठी शेवटची अक्षरे वापरण्याचा आजचा संकेत रेने देकार्त यांच्या १६३७ च्या भूमितीवरील लेखनातून रूढ झाला.

हेही पाहा

बहुपदी
वर्गसमीकरण
भास्कराचार्य द्वितीय
ब्रह्मगुप्त
लीलावती